गाडी उपलब्ध नाही, चालक हजर

छत्रपती संभाजीनगरात नवे-जुने व्हिडिओ गेम कुठे मिळतात, हे विचारायला लोक हल्ली मला फोन करतात. मी पन्नाशी ओलांडलेली, वाळूजच्या एका कारखान्यात भांडार विभाग सांभाळणारी बाई. आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही. पण कारखान्यात कुणाच्या मुलाचा वाढदिवस जवळ आला की विचारणा माझ्याकडे येते आणि मी यादी पाठवते.

नवा, सीलबंद हवा असेल तर मॉलमधलं दुकान. तिथे गारवा भरपूर, माल कमी. जुना हवा असेल तर पैठण गेटला जावं, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांच्या वरचा मजला. जिना अरुंद आहे आणि डाव्या भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या आहेत, म्हणून पदर उजवीकडे धरावा. औरंगपुऱ्यात एक जण अदलाबदल करतो, पण दुपारी दोन ते पाच झोपतो. कॅनॉटला एक चांगलं दुकान आहे असं सगळे सांगतात. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा तिथे चष्म्याचं दुकान होतं. फोनवरच्या खरेदी-विक्रीत डब्यांचे फोटो फार सुंदर असतात. आत सीडी आहे का, हे आधी विचारावं.

ही यादी मी चार दिवसांत तयार केली. हौसेने नाही. माझ्या हातून एक चूक झाली होती, आणि ती दुसऱ्या एका यादीमुळे झाली होती.

आमच्या घरातल्या वस्तूंची नोंदवही आहे. किल्ल्यांचे हुक आकड्यांचे आहेत, मसाल्याच्या डब्यांवर भरल्याची तारीख असते. नवरा म्हणतो, "एक दिवस मलाही लेबल लावशील." मी म्हणते, "वर्षभरात काही उपयोगात आलात, तर लावीन." हा विनोद आमच्यात बरीच वर्षं चालू आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईचा माझा नियमही तोच आहे. जी वस्तू वर्षभर वापरात नाही, ती घराबाहेर.

टीव्हीखाली मुलाचं गेमचं मशिन होतं आणि सोबत सहा सीड्या. मुलगा नोकरीला पुण्याला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. मी नियमाप्रमाणे सर्वांना विचारलं. मुलगा फोनवर म्हणाला, "विक आई, मला इथं झोपायला वेळ नाही." नवरा म्हणाला, "मशिन ठेव, त्यावर मॅच दिसते." मग मी अप्पांना विचारलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. एसटीत चौतीस वर्षं चालक, सगळी पैठण डेपोत. निवृत्त झाले तेव्हा छातीवर विना अपघात सेवेचा बिल्ला होता. तो आजही त्यांच्या ट्रंकेत मऊ फडक्यात गुंडाळलेला असतो. आई गेल्यावर ते आमच्याकडे सिडकोत राहायला आले. सोबत ती ट्रंक, एक रेडिओ आणि त्यांची स्कूटर.

"अप्पा, टीव्हीखालच्या गेमच्या सीड्या काढतेय. कुणी वापरतं का?"

अप्पा पेपर वाचत होते. "मला काय इचारतीस? तुझ्या वहीत काय लिवलंय?"

"वर्षभर वापर नाही."

"मग झालं तर."

त्यांनी पान उलटलं. पुढचं पान छोट्या जाहिरातींचं होतं. ते पान अप्पा कधीच वाचत नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी सहाही सीड्या पैठण गेटच्या दुकानात विकल्या आणि आलेल्या पैशांत झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणले, उरलेल्या वस्तू नीट ठेवण्यासाठी. टीव्हीखालची ती फळी इतकी मोकळी दिसत होती की मी तिचा फोटो काढून मुलाला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

आता स्कूटरचं. त्याआधीच्या फाल्गुनात डोळ्यांच्या डॉक्टरांनी अप्पांना काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. समोरचं त्यांना स्वच्छ दिसतं, कडेचं दिसत नाही. नळीतून बघावं तसं. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. अप्पांनी ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर चांगला हाय. पण त्याला गाडी येत नसंल." पुढचे दोन आठवडे घरात चावीवरून रोज वाद. मग होळीनंतर एका संध्याकाळी अप्पांनी आपणहून चावी माझ्यासमोर ठेवली. "घे. ठेव तुझ्या हुकाला."

मी ती सात नंबरच्या हुकाला लावली. मला वाटलं, मी डोळ्यांवर जे छापील माहितीपत्रक त्यांच्या उशाशी ठेवलं होतं त्याचा परिणाम. नवऱ्याला वाटलं, तो त्यांच्याशी पुरुषाने पुरुषाशी बोलावं तसं बोलला म्हणून. शेजारच्या काकूंना वाटलं, त्यांनी बोललेल्या नवसामुळे. सात-आठ महिने अप्पांनी स्कूटरचं नावही काढलं नाही, आणि आम्ही तिघेही आपापल्या श्रेयावर खूश होतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी चावी मागितली.

"कशाला, अप्पा?"

"गाडी जाग्यावर उभी राहून खराब होती."

"मी रोज किक मारून चालू करते ना."

"किक मारणं म्हंजी चालवणं नाय."

मी दिली नाही. तीन दिवस मागणी, तीन दिवस नकार. चौथ्या दिवशी मी कारखान्यातून आले तर स्कूटर दारात उलट्या तोंडाने उभी होती आणि तिचा डावा आरसा गायब होता. सात नंबरच्या हुकाला चावी तशीच लटकत होती. माझ्या नोंदीत त्या स्कूटरला एकच चावी होती.

"अप्पा, काय झालं?"

"त्यो उसाच्या रसाचा गाडा मधीच आला."

"गाडा कुठून मधी येईल? तो वळणावर वर्षानुवर्षं उभा असतो."

"मग आज मधी आला."

कुणाला लागलं नव्हतं. रसवाल्याचे दोन ग्लास फुटले होते. पण तो गाडा डावीकडे होता, आणि डावीकडचं अप्पांना दिसत नव्हतं. त्या जागी उद्या एखादं शाळेतलं पोर असू शकतं.

नवरा म्हणाला, "प्लग काढून ठेवू." ज्या माणसाने आयुष्यभर रस्त्यात बंद पडलेल्या बसगाड्या चालू करून डेपोला आणल्या, त्याला स्कूटरचा प्लग म्हणजे चहा होईपर्यंतचं काम. अप्पांनी दुसरी चावी कुठे ठेवली ते सांगायला नकार दिला आणि वर जाहीर केलं, "येत्या रविवारी पैठणला जायचंय. आमच्या डेपोतल्या दोस्ताची पंच्याहत्तरी हाय. गाडीवर जाईन."

पैठणचा रस्ता म्हणजे ट्रक, ऊस, कंटेनर आणि उलट्या बाजूने येणारे शहाणे.

"मामा, मी सोडतो कारने," नवरा म्हणाला.

"नको पाव्हणं. तुम्ही क्लचवर पाय ठिवून चालवता. मला घोर लागतो."

"मग एसटीने जा," मी म्हणाले.

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं मी काही अभद्र बोलले. "एसटीत? माझ्याच लायनीवर मी मागं बसू? डायव्हर कसा बी चालवंल आणि मी तिकीट काढून बघत ऱ्हाऊ?"

ही गोष्ट मंगळवारची. बुधवारी संध्याकाळी अप्पा बागेत फिरायला गेले आणि मी त्यांच्या खोलीत दुसरी चावी शोधायला गेले. लपून दुसऱ्याची ट्रंक उघडणं बरं नाही हे मला कळतं. मी ते तेव्हाही केलं आणि पुढेही केलं.

चावी सापडली नाही. बिल्ल्याच्या फडक्याखाली एक लांब वही सापडली. अप्पांच्या हातचे, पट्टीने आखलेले रकाने: दिनांक, मार्ग, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, शेरा. चालक रोज फेरीची नोंद करतात ती लॉगशीट मी लहानपणापासून पाहिलेली. पण हिच्यातल्या तारखा होळीनंतरच्या होत्या, आणि मार्ग पैठण ते शेवगाव नव्हता. अप्पांनी आपल्या उच्चारात बसवून लिहिलेली कुठल्या कुठल्या परदेशी गावांची नावं होती. वेळा सगळ्या अकरा ते साडेचारच्या मधल्या. म्हणजे आम्ही दोघं कामावर असायचो तेव्हाच्या.

शेऱ्याचा रकाना मी उभ्या उभ्या वाचला.

"इथे उजव्या बाजूने चालवतात. देश बरा, शिस्त उलटी. विना अपघात."

"माल: फ्रीज. सिग्नलला मागच्याने घाई केली. लक्ष दिले नाही. विना अपघात."

"बर्फाचा घाट. वेग कमी ठेवला. एक तास उशीर. माल सुखरूप. विना अपघात."

"फेरी रद्द. मुलगी लवकर घरी."

पानंच्या पानं. जवळजवळ दीडशे फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी तेच दोन शब्द. मी खाली बसले. होळीला मुलगा आला होता तेव्हा त्याने आजोबांना त्या सहा सीड्यांमधला ट्रक चालवायचा गेम दाखवला असणार. टीव्हीचा पडदा समोर आणि एवढासाच. अप्पांच्या उरलेल्या नजरेत तो अख्खा बसत होता. चावी त्यांनी माझ्या माहितीपत्रकामुळे दिली नव्हती. त्यांना दुसरी गाडी मिळाली होती.

मग दिवाळीची साफसफाई आली. त्या दिवसापासून पुढच्या सगळ्या ओळी सारख्याच होत्या.

"गाडी उपलब्ध नाही. चालक हजर."

"गाडी उपलब्ध नाही. चालक हजर."

रोज एक. फक्त एका दिवशी जास्त मजकूर होता: "गाडी उपलब्ध नाही. चालक हजर. दुपारी खाजगी वाहनाने बाहेर. डावा आरसा निकामी, ग्लास दोन. चूक चालकाची." गाडी चालवूनही त्या ओळीच्या शेवटी ते दोन शब्द नव्हते. चौतीस वर्षं आणि दीडशे फेऱ्यांनंतर पहिल्यांदाच नव्हते.

मी वही होती तशी ठेवली आणि मुलाला फोन लावला.

"हो, दाखवला होता मी," तो म्हणाला. "पण ते म्हणाले, असला बिनहॉर्नचा ट्रक कुठं असतो का. मला वाटलं, विषय संपला."

"विषय वाढला. सीडी नसली तर त्यांचं तिथवरचं सगळं गेलं का?"

"नाही नाही. ते मशिनमध्ये राहतं. तीच सीडी परत घातली की पुढं चालू. पण आई, सरळ सांग ना त्यांना, की मला कळलं."

"तू सांगशील?"

"नको," तो म्हणाला. "गुपचूप जागेवर ठेव."

तेच ठरलं. रविवारच्या आत तीच सीडी शोधायची आणि काही न बोलता टीव्हीखालच्या फळीवर ठेवायची. हातात चार दिवस. मी नव्या पानावर शीर्षक लिहिलं आणि गुरुवारी कारखान्यातून परस्पर पैठण गेटला उतरले.

दुकानदार मला ओळखत होता. "आओ मॅडम! और कुछ बेचना है?"

"परत घ्यायचंय. तो ट्रकचा गेम."

"वो तो गया ना, दिवालीमेंच."

"कुणी नेला? विक्रीची वही बघा."

"वही?" त्याने कपाळावर बोट ठेवलं. "सब इदर है."

"मग त्यात बघा."

तो हसला, पण डोळे मिटून खरंच बघू लागला. विना नोंदीचा एवढा माल उघड्यावर पाहून मी समोरच्या डब्या सरळ रांगेत लावू लागले. "नीली वर्दी," तो म्हणाला. "कंपनी की बस का डिरायवर. वाळूज साइड. बोला, ट्रकवालाइच होना. मैं बोला क्रिकेट ले लो. नक्को बोला."

"त्याचा फोन नंबर?"

"मॅडम, मैं गेम बेचता हूं, रिश्ते नहीं जमाता." मग माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. "सुनो. मिल गया तो वो ऐसेच थोडी देगा? बदली में कुछ तो लगेगा. ये ले जाओ, मोटरसायकल की रेस. एकदम फास्ट." आणि ज्या बाईच्या घरातून वस्तू बाहेर जातात, तिने एक वस्तू विकत घेतली.

शुक्रवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढताना मी आमच्या चालकाला विचारलं. निळी वर्दी, वाळूजची बस, ट्रकचा गेम. तो गियर टाकत म्हणाला, "विचारतो ना ताई. सिग्नलला सगळेच भेटतात." मी दिवसभर दुसरे मार्ग चाचपले. शहरातल्या गेमवाल्यांचा फोनवर एक गट आहे. त्यात मी रीतसर लिहिलं, "विषय: ट्रक चालविण्याच्या गेमची वापरलेली सीडी मिळणेबाबत." पहिलं उत्तर आलं, "काकू, सोबत आधार कार्ड जोडू का?" दुसरं, "अर्ज तीन प्रतींत हवा." जालन्याच्या एकाने सीडी आहे म्हणून फोटो पाठवला. मी आतला फोटो मागितला, तर आतमध्ये लग्नाचं चित्रीकरण होतं.

संध्याकाळी मॉलमध्ये गेले. तिथला विक्रेता फार अदबीचा. "मॅम, आता डिस्क कोण घेतं? डाउनलोड करायचं."

"मग करून द्या."

"तुमचं मशिन कोणतं?" मी फोटो दाखवला. त्याने तो फोटो एखाद्या गेलेल्या माणसाचा असावा तसा पाहिला. "याच्यावर नाही चालणार. नवीन मशिन घ्यावं लागेल." त्याने किंमत दाखवली. त्या किमतीत एक चालू स्थितीतली स्कूटर आली असती. आम्हाला तर होती तीच घालवायची होती.

शनिवारी सकाळी मी बसमध्ये पाय ठेवला आणि आमचा चालक आरशातून म्हणाला, "ताई, सापडला. बजाजनगरला राहतो. आज दुपारी घरी आहे." माझ्या चार दिवसांच्या यादीला जे जमलं नाही, ते वाळूजच्या बसचालकांनी दोन सिग्नलांत केलं होतं. शनिवारी अर्धा दिवस. दुपारी मी बजाजनगरला गेले.

दोन खोल्यांचं घर. चाळिशीतला माणूस घाईने शर्टाची बटणं लावत बाहेर आला. त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली आणि कशाकरिता आले ते ऐकून कपाळाला हात लावला. "न्या बाई, न्या. दिवसभर बस चालवून येतात आणि घरात ट्रक चालवतात. मला वाटतं माझं लग्न डेपोशी लागलंय."

"खरंच, कंटाळा नाही येत?" मी विचारलं.

"ताई, इथं मागून कुणी हॉर्न वाजवत नाही," तो म्हणाला. "कुणी दारात लटकत नाही. मला फार बरं वाटतं." आणि मान हलवली. "सीडी नाही देता यायची. अर्धा देश झालाय माझा."

मी पिशवीतून मोटरसायकलची रेस काढली. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "मला पळवायचं नाही, चालवायचंय."

मग मी सगळं सांगितलं. काचबिंदू, चावी, रसाचा गाडा, उद्याचा पैठणचा रस्ता. वहीचं सांगायचं नव्हतं, तेही सांगितलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"एसटीत होते?" त्याने विचारलं.

"चौतीस वर्षं. पैठण डेपो."

"आणि बिल्ला?"

"विना अपघात."

तो उठला. मशिनमधून सीडी काढली, शर्टाच्या टोकाने पुसली, डबीत घातली. "एक ओरखडा पडलाय माझ्याकडनं. चालते मात्र. मी दिले तेवढेच पैसे द्या." मग दारापर्यंत आल्यावर घुटमळला. "ताई, एक विचाराल का त्यांना? तो बर्फाचा घाट आहे ना, तिथं मी रोज गाडी पलटी करतो. खरी बस आजवर कधी ठोकली नाही मी. तिथंच कसं काय होतं?"

"मला विचारता येणार नाही," मी म्हणाले. "मला काही माहीतच नाही, असं ठरलंय."

त्याने थोडा विचार केला, बसमधला बिघाड लिहून द्यायचा, वर कंपनीचं नाव छापलेला एक कोरा कागद आणला, त्यावर चार ओळी लिहिल्या आणि घडी करून डबीत सीडीखाली ठेवला. "मग हे गाडीसोबतच जाऊ द्या."

संध्याकाळी अप्पा बागेत असताना मी डबी जुन्या जागी ठेवली, नाव बाहेर दिसेल अशी. अप्पा आले, बातम्या लावल्या, खुर्चीत बसले. बातम्यांत काय चाललं होतं ते मला माहीत नाही. मी दारातून अप्पांची मान पाहत होते. ती एकदा फळीकडे वळली आणि परत पडद्याकडे आली.

"पाणी आण," ते म्हणाले.

मी आणलं. ते प्याले. बस, एवढंच. नवऱ्याने जेवताना मुद्दाम विचारलं, "मामा, उद्याचं कसं?" अप्पा म्हणाले, "उद्याचं उद्या."

रविवारी सात वाजता अप्पा तयार होते. पांढरा शर्ट, भांग, खिशावर बिल्ला. बिल्ला लावलेला मी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पाहत होते. मी चहाचा कप तसाच ठेवून दाराच्या मधोमध उभी राहिले. नवरा मागे कारची किल्ली घेऊन उभा. स्कूटर बाहेर, एका आरशाची.

"बाजूला हो," अप्पा म्हणाले.

"नाही होणार."

"हात कर."

मी हात पुढे केला. त्यांनी शर्टाच्या खिशातून दुसरी चावी काढली आणि माझ्या तळव्यावर ठेवली.

"त्या गाडीला दोन चाव्या हायत. तुझी नोंद चुकीची व्हती. दुरुस्त कर."

"हो अप्पा."

"एसटीनं जातो. डायव्हरच्या मागची सीट भेटली नाय, तर माघारी येतो." मग नवऱ्याकडे वळून, "पाव्हणं, स्टँडवर तेवढं सोडा. क्लचवर पाय ठिऊ नका."

गाडी कोपऱ्यावरून वळली. मी दोन्ही चाव्या सात नंबरच्या हुकाला लावल्या, नोंद दुरुस्त केली. वही मिटताना तिच्याखाली घडी घातलेला एक कागद दिसला. बसमधला बिघाड लिहायचा तोच. वर बजाजनगरच्या चालकाचा प्रश्न, आणि खाली अप्पांचं अक्षर.

"घाटाच्या तोंडालाच दुसरा गियर टाकावा, उतरताना नव्हे. ब्रेक दाबून धरू नये, दाबावा, सोडावा. पुढे कोण आहे ते बघावे, मागे कोण आहे ते विसरावे. उशीर झाला तर झाला. रविवारी माझी साप्ताहिक सुट्टी. त्या दिवशी गाडी तुम्ही न्यावी, सोमवारी कंपनीच्या बसने परत पाठवावी."

म्हणजे सीडीने कसा प्रवास केला, हे त्यांनी त्या कागदाच्या छापील मथळ्यावरून ओळखलं होतं. आणि कागद माझ्या वहीखाली ठेवला, म्हणजे तो कुणी आणला हेही.

मी त्यांच्या खोलीत गेले. ट्रंकेची कडी लावलेली नव्हती. लांब वही आज फडक्याखाली नव्हती, वरच होती, आणि आजच्या तारखेच्या पानात पेन्सिल घातलेली होती. अप्पा पाचला उठतात. आम्ही झोपेत असताना आवाज बंद करून त्यांनी एक फेरी मारलेली दिसत होती.

"गाडी परत मिळाली. ओरखडा एक, वापरास अडथळा नाही. पहाटे तपासणी फेरी, ब्रेक ठीक. विना अपघात. गाडी इतके दिवस उपलब्ध नसल्याबद्दल जबाबदार: भांडार विभाग."

मी ते दोनदा वाचलं. बाहेर नवरा परतला होता आणि कुणी बघत नाही असं समजून मोटरसायकलची रेस मशिनमध्ये घालत होता. पहिल्याच वळणावर आपटल्याचा आवाज आला.

आमच्या कारखान्यात शेरा मान्य असला की संबंधिताने त्याच्या बाजूला सही करायची असते. मी पेन काढलं आणि "भांडार विभाग" या शब्दांच्या पुढे सही केली. तारीखही टाकली.